मोरचुदाची वाटी

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत डावीकडच्या कपाटापाशी जरा वाकलात, तर सर्वांत खालच्या फळीवर, गंजलेल्या तिवईच्या मागे, मी तुम्हाला दिसेन. पांढऱ्या चिनीमातीची, तळाशी गोल, काठाला ओतण्यासाठी चोच असलेली. पुस्तकात माझे नाव 'बाष्पनपात्र' असे छापलेले असते. इतक्या भारदस्त नावाने मला कधी कुणी हाक मारली नाही. मुले मला वाटी म्हणत आली आणि मलाही वाटीच असणे बरे वाटले.

मी मूळची माती. एका कारखान्यात मला पाण्यात कालवले, साच्यावर दाबून आकार दिला आणि इतर वाट्यांबरोबर लाकडी फळीवर सुकायला ठेवले. त्या दिवसांत मी दिसायला वाटी असले, तरी आतून मातीच होते. कुणी मला पाण्याच्या बादलीत टाकले असते, तर मी विरघळून पुन्हा चिखल झाले असते आणि त्या चिखलाचे काहीही करता आले असते. मग आम्हाला भट्टीत लोटले. तिथल्या उष्णतेबद्दल मला फार सांगता येत नाही, कारण जी माती आत गेली ती बाहेर आलीच नाही. बाहेर आले ते दुसरेच काहीतरी होते. कडक, खणखणीत, पाण्याला न भिणारे. तेव्हापासून मला कितीही भिजवा, मी माती होणार नाही.

हे सगळे मला तेव्हा कळत नव्हते. ते मी बाईंच्या तासांना ऐकून शिकले.

बाई शाळेत विज्ञान शिकवत. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांची शिकवण्याची रीत वेगळी होती. त्या आधी काही सांगत नसत. मुले लाकडी बाकांवर बसली, की त्या मला तिवईवर ठेवत, खाली स्पिरिटचा दिवा लावत आणि कामाला लागत. मुलांनी फक्त बघायचे. माझ्यात बर्फाचा खडा पडे. तो वितळे, त्याचे पाणी होई, पाण्याला आधण येई आणि वाफ वर जाऊ लागे. मग बाई त्या वाफेवर थंडगार पाण्याने भरलेली काचेची कुपी धरत. कुपीच्या बुडाला थेंब जमत आणि टपटप पुन्हा माझ्यात पडत. तेवढे झाले, की बाई वर्गाकडे वळून एकच प्रश्न विचारत.

"परत येतं का?"

"हो!" सारा वर्ग ओरडे.

मिठाचे पाणी आटवले, तळाशी पांढरे मीठ उरले. परत येतं का? हो! मेण वितळवले, थंड केले. हो! मग साखर. साखर आधी वितळे, पिवळी पडे, तपकिरी होई, तिचा गोड वास साऱ्या वर्गात पसरे आणि मुले मान उंच करून बघत. आणखी थोड्या वेळाने तो वास कडू होई आणि माझ्या तळाशी फुगलेला काळा कोळसा उरे.

"परत येतं का?"

"नाही!" या 'नाही'ला 'हो'पेक्षा जास्त जोर असे. मुलांना नाश झालेला बघायला आवडतो, असे मला तेव्हा वाटायचे.

बाई फळ्यावर मधोमध रेघ मारत. एका बाजूला भौतिक बदल, दुसऱ्या बाजूला रासायनिक. परत येणारे इकडे, न येणारे तिकडे. त्यानंतर मला घासायचे काम मामांकडे जाई. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. मोठ्या मिशांचे, कामात चोख आणि तोंडाने फटकळ.

"बाई, साखर चहात घालायची असते हो," ते मला राख लावून घासता घासता म्हणत. "माझ्या वाटीत नाही."

"पुढच्या वेळी तुमच्यासमोर चहा करते मामा, याच वाटीत," बाई म्हणत. "प्याल?"

"मी बायको-मुलंवाला माणूस आहे."

तासाच्या शेवटी बाई वर्गाला एक गोष्ट न चुकता सांगत. "हा नियम कच्चा आहे बरं का. पुढच्या वर्षी वरच्या वर्गात आलात, की आपण याला भोकं पाडू."

"मग आत्ता कशाला शिकवता?" कुणीतरी विचारीच.

"सायकलला आधी बाजूची लहान चाकं लावतात ना? तोल आला, की काढतात. तुमची चाकं पुढच्या वर्षी काढीन."

मुले हसत आणि घंटा होई. मला वाटायचे, माझे सारे आयुष्य असेच जाणार. त्यात वाईट काय होते?

मग एका वर्षी बाईंची स्वतःची मुलगी त्यांच्या वर्गात आली.

तिला सगळे चिमटी म्हणत. हे नाव मामांनी ठेवलेले. ती अगदी लहान असताना आईबरोबर प्रयोगशाळेत यायची आणि हातात आलेली वस्तू सोडायची नाही. गाळणी असो, परीक्षानळी असो, मामांची मिशी असो. "मुलगी कसली, चिमटा आहे," असे मामा म्हणाले आणि ते नाव तिला चिकटले ते कायमचेच. वर्गात आईला 'बाई' म्हणायचे, असे घरून पढवून पाठवलेले असे. तरी पहिल्याच तासाला दिवा जरा भडकला आणि तिच्या तोंडून "आई गं!" निघालेच. वर्ग खदखदून हसला. बाई शांतपणे म्हणाल्या, "दिवा बघून सगळेच आई गं म्हणतात. त्यात हिचं काही विशेष नाही." पण त्यांचे ओठ हसू दाबत होते. मी अगदी जवळ होते, म्हणून मला दिसले.

त्या वर्गात दरवर्षी मोरचुदाचे खडे वाढवायचे असत. मोरचूद म्हणजे गर्द निळा क्षार. तो विषारी असतो, म्हणून बाई आधी हात धुण्यावर बराच वेळ बोलत. गरम पाण्यात मावेल तेवढे मोरचूद विरघळवायचे, गाळायचे आणि ते निळे पाणी निवू द्यायचे. तळाशी बारीक स्फटिक दिसू लागतात. त्यातला सर्वांत नीटस कण निवडायचा, धाग्याला बांधायचा आणि तशाच ताज्या निळ्या पाण्यात टांगून ठेवायचा. वरून कागद झाकायचा. मग काही करायचे नाही. अवघड भाग तोच असतो. पाणी सावकाश उडून जाते आणि त्यात न मावणारे मोरचूद थोडेथोडे येऊन त्या कणावर बसते. हलवले, की बिघडले.

बाकीच्या गटांचा धीर सुटला. कुणी रोज धागा उचलून बघितला, कुणी पाणी लवकर उडावे म्हणून भांडे उन्हात ठेवले, कुणाचा खडा धाग्यावरून निसटला. चिमटीचा खडा माझ्यात होता. तिच्या जोडीला एक उंच मुलगी होती, जिला वर्ग 'शिडी' म्हणे. धागा चिमटीने आपल्या स्वेटरच्या बाहीतून उसवून काढला होता, लाल रंगाचा.

"अगं, बाही उसवली सगळी! बाई ओरडतील," शिडी म्हणाली.

"बाई नाही ओरडणार. घरी गेल्यावर आई ओरडेल."

"दोघी एकच आहेत ना?"

"छे. आई जास्त वाईट आहे."

खडा वाढू लागला. मित्रांनो, माझ्यात आजवर किती तरी गोष्टी तापल्या, आटल्या, जळल्या. पण माझ्यात काही वाढण्याची ती पहिलीच वेळ. आधी तो तिळाएवढा होता. मग त्याला कडा आल्या, तिरक्या, सरळ, कुणीतरी पट्टीने आखल्यासारख्या. कुणी आखल्या नव्हत्या. निळ्या पाण्यात तो निळा खडा नुसता लाल धाग्यावरून ओळखू येई.

शाळा सुटल्यावर बाईंचे काम उरकेपर्यंत चिमटी प्रयोगशाळेतच थांबे. माझ्यासमोर हनुवटी टेकून बसे आणि श्वाससुद्धा बेताने घेई.

"आई, हा खडा तापवला तर काय होईल?"

"तो पुढच्या वर्षीचा धडा आहे."

"म्हणजे भोकांचा?"

"हं."

"एकच भोक आत्ता पाड ना. छोटंसं."

"बाकीच्यांनी काय पाप केलंय? सगळ्यांबरोबर कळेल."

"तू ना, घरीसुद्धा बाईच असतेस," चिमटी म्हणाली आणि मामा दाराशी फिदीफिदी हसले.

एके दिवशी बाईंनी तिचे मनगट धरले. त्यावर निळसर डाग होता. "मोरचूद लागलंय. किती वेळा सांगायचं? जा, हात धू." चिमटी नळाशी गेली, साबण लावून हात धुऊन आली. डाग तसाच होता. "नीट धू," बाई म्हणाल्या. ती पुन्हा गेली. परत आली तेव्हा कातडी चोळून लाल झाली होती आणि निळा डाग त्याच जागी होता. बाईंनी चष्मा लावला. डाग जवळून पाहिला. मग तिची दुसरी बाही वर केली. तिथे आणखी दोन होते.

"कुठे आपटलीस?"

"कुठे नाही."

 बाईंनी तिचे दप्तर उचलले, माझ्यावरचा कागद सारखा केला आणि त्या दोघी गेल्या.

पुढचे मी पाहिले नाही. मी ऐकले तेवढेच सांगते. रक्ताचा आजार होता. चिमटी रुग्णालयात होती आणि बाई सकाळचे तास घेऊन दुपारी तिकडे जात. वर्गात त्यांचा आवाज तसाच होता, खडूची रेघही तशीच सरळ. पण तास संपला, की त्या खिडकीजवळच्या फळीपाशी येत, माझ्यावरचा कागद अलगद उचलत आणि खड्याकडे बघत. पाणी कमी झाले असेल, तर काठावरून थेंब थेंब ताजे निळे पाणी सोडत. मामा शेजारी उभे राहत.

"काय म्हणते पोरगी?"

"रोज पहिला प्रश्न खड्याचा. केवढा झाला म्हणून."

"मग काय सांगता?"

"जेवढा आहे तेवढाच सांगते. वाढवून सांगितलं, तर बरी होऊन येईल तेव्हा मला धरेल."

खडा मोठ्या गोटीएवढा झाला, तेव्हा बाई म्हणाल्या, "मामा, तिला इकडे आणता येणार नाही आणि हा तिकडे नेता येणार नाही. मी विचारलं तिला, काढून आणू का? तर म्हणाली, हलवू नका, वाढतोय तो." एवढे बोलून त्या घाईने वळल्या, कारण पुढच्या तासाची मुले दारात आली होती.

मग एक दिवस बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. एका सकाळी मामा एकटेच आले. त्यांनी झाडू घेतला आणि झाडले नाही. ते स्टुलावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने कपाटाकडे बघत म्हणाले, "गेली पोर."

माझ्यात तेव्हाही खडा वाढत होता, मित्रांनो. आमच्यात थांबायची रीत नसते.

बाई घरी होत्या. किती काळ ते मला सांगता येणार नाही. मधे सुट्टी येऊन गेली आणि चिमटीचा वर्ग तिच्याविनाच वरच्या इयत्तेत गेला. बाईंनी मामांना निरोप पाठवला होता, "त्या वाटीला कुणाला हात लावू देऊ नका. मी आले, की स्वतः घरी नेईन." मामांनी मला खिडकीतून उचलून कपाटात ठेवले, इतक्या हळू, की पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. मुलांना त्यांनी काही सांगितले नाही. खिडकी रिकामी दिसली, तेव्हा खडा बाईंनी घरी नेला असेल, असे मुलांनी धरून चालले. "पोरांना सांगितलं, की ती बघायला येतात," ते स्वतःशीच पुटपुटले. "बघायला आली, की हलवतात."

कपाटात पाणी भरायला कुणी नव्हते. निळे पाणी हळूहळू उडून गेले. खडा खाली टेकला, तळाशी जमलेल्या थराला चिकटला. काठापर्यंत निळी खपली चढली. कोरड्या हवेत मोरचुदाच्या आतले पाणीही थोडेथोडे निघून जाते आणि वरून पांढुरकी भुकटी धरते. त्या देखण्या खड्याचे तसेच झाले. कडा झाकल्या गेल्या. धागा वाळून खपलीत रुतला. बाहेरून पाहणाऱ्याला ते एक न घासलेले, खरकटे भांडे वाटले असते. पण भुकटीखाली तो तसाच निळा, तसाच आखीव होता. मला माहीत होते, कारण तो माझ्यात होता. त्याला आहे तसे उचलून आईच्या हातात द्यायचे, एवढेच माझ्या मनात उरले होते.

अखेर एका सकाळी मामा नवा सदरा घालून आले. "आज येणार बाई," असे त्यांनी दारात जमलेल्या मुलांना सांगितले आणि ते फाटकाशी बाईंची वाट बघत उभे राहायला गेले. त्यांच्या हातची पिशवी घ्यायची, एवढेच त्यांना करता येण्यासारखे होते.

मुलांनाही काहीतरी करायचे होते. ती चिमटीच्याच वर्गातली मुले. काय बोलायचे ते त्यांना कळत नव्हते, म्हणून त्यांनी ठरवले, की बाई यायच्या आत प्रयोगशाळा लख्ख करायची. कुणी बाक पुसले, कुणी फळा धुतला. कपाटे उघडली. शिडीने मला बाहेर काढले.

"ई! हे काय?" एका मुलाने नाक मुरडले.

"मोरचूद वाळलंय. कुणीतरी न धुताच ठेवलंय," शिडी म्हणाली.

"खरवड त्या पट्टीने."

"खरवडायचं नाही, वाटीवर ओरखडे उठतात. बाईंनी काय सांगितलंय? कोमट पाणी घालून ठेवायचं, आपोआप सुटतं. आणि ते पाणी नळात ओतायचं नाही, वेगळं ठेवायचं."

सगळे अगदी बरोबर होते. बाईंनी शिकवलेले एकेक अक्षर बरोबर. मला ओरडता आले असते तर! शिडीने चंचुपात्रात पाणी तापवले, माझ्यात काठोकाठ ओतले, काचेच्या कांडीने हलकेच ढवळले आणि ती जमीन पुसायला गेली.

पाणी निळे झाले. आधी खपली सुटली. मग भुकटी गेली आणि क्षणभर, मित्रांनो, अगदी क्षणभर, तो खडा पहिल्यासारखा दिसला. प्रत्येक कड स्वच्छ. मग कडा बोथट होऊ लागल्या. मी गार असते, तर पाणी लवकर निवले असते. मी गार नव्हते. चांगली वाटी ऊब धरून ठेवते आणि मी चांगली वाटी होते.

शिडी परत आली, तेव्हा पाण्यावर एक लाल धागा तरंगत होता.

तिने तो बोटांनी उचलला. टोकाची गाठ रिकामी होती. ती त्या गाठीकडे बघत राहिली आणि तिच्या हातातले फडके खाली पडले.

"काय झालं गं?"

"हा... हा तिचा खडा होता. चिमटीचा."

"कुठे?"

"आत. आता पाण्यात." तिचा आवाज फाटला. "मी विरघळवला."

 एक मुलगा हळूच म्हणाला, "आता बाई काय म्हणतील?" दुसरा त्याच्यावर खेकसला, "गप रे!" मग शिडीने डोळे पुसले आणि ती एकदम ताठ झाली.

"विरघळणं भौतिक आहे ना? मग परत येतं. मिठासारखं. पाणी आटवायचं. एक थेंबसुद्धा सांडलेला नाही. सगळं यातच आहे. दिवा आणा!"

त्यांच्या चेहऱ्यांवर जी आशा उगवली, ती बघणे मला पाणी ओतताना बघण्यापेक्षा जड गेले. त्यांचा नियमावर विश्वास होता. तो बाईंनीच दिलेला होता. मला तिवईवर ठेवले. दिवा पेटला. मुले भोवती दाटीने उभी राहिली. पाणी उकळू लागले आणि त्याच वेळी दारात बाई आल्या. मागे पिशवी घेतलेले मामा.

बाई फार वाळल्या होत्या. त्यांनी आधी कपाटाकडे पाहिले. ते उघडे होते. मग तिवईकडे. मग शिडीच्या हातातल्या धाग्याकडे. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

"अरे देवा! अरे पोरांनो, काय केलंत हे..." मामांच्या हातून पिशवी गळाली. "मी सांगायला हवं होतं. बाई, मीच यांना..."

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवले. त्या माझ्याजवळ आल्या. निळे पाणी खदखदत होते आणि त्याचे थेंब काठावर उडत होते.  बाईंच्या तोंडून जे निघाले, ते बाईंचेच होते.

"ज्योत कमी करा. उडतंय."

शिडीने दिवा जरा बाजूला सरकवला. ती रडत होती. "बाई, सगळं परत आणते. थोडंसुद्धा वाया गेलेलं नाही. खरंच."

"हो. दिसतंय." बाई स्टुलावर बसल्या. "पूर्ण आटवू नका. थोडं ओलं असतानाच उतरवा, नाही तर पांढरं पडेल."

सगळ्यांनी मिळून वाट पाहिली. पाणी गेले. मला उतरवले. मी निवत गेले, तसतसे माझ्या तळाशी बारीक निळे कण चमकू लागले. साखरेएवढे, रव्याएवढे, शेकडोंनी. रंग तोच. वजनही, कुणी तोलले असते, तर जवळपास तेवढेच भरले असते.

बाई माझ्यात डोकावल्या. 

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"मोरचूद," शिडी म्हणाली.

"सगळं आहे?"

"सगळं आहे, बाई."

"मग बरोबर केलंत. बदल भौतिकच आहे. नवा पदार्थ काही झाला नाही." त्या थांबल्या. "पण तो खडा नाही आला."

शिडीने मान हलवली. 

"मी तुम्हाला कच्चा नियम दिला होता. परत येतं का, असं विचारायला शिकवलं. ते चुकीचं आहे. पेला फुटला, तर परत येत नाही, पण काच काचच राहते. तोही भौतिकच. आणि मोरचूद तापवलं, तर त्यातलं पाणी जाऊन पांढरा, वेगळा पदार्थ होतो. तो रासायनिक बदल. पण त्यावर पाणी टाकलं, की निळं परत येतं. म्हणून विचारायचं ते एवढंच, नवा पदार्थ झाला का? परत येण्या-न येण्यावर काही ठरत नाही." त्यांचा आवाज हळूहळू कमी होत गेला. "हेच ते भोक. तिला हवं होतं. मी म्हटलं, सगळ्यांबरोबर कळेल."

शिडी बाईंच्या मांडीवर डोके ठेवून हमसाहमशी रडू लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू नीट केलंस गं. खरवडलं नाहीस, ओतून दिलं नाहीस. मी शिकवलं तसंच केलंस." तो हात पाठीवर फिरत राहिला, पण बाईंची नजर माझ्यावर होती.

मुले गेली. मामा भिंतीला टेकून उभे होते.

"बाई, पुन्हा टांगू या का एखादा कण? याच वाटीत. मी सांभाळतो. कुणाला म्हणून..."

"कोण वाढवणार आहे तो?" बाई म्हणाल्या.  "मोरचुदाची बरणी द्या."

मामांनी वरच्या फळीवरची मोठी काचेची बरणी काढली. सगळ्या वर्गांसाठी असते ती. बाईंनी झाकण उघडले. मला हातात घेतले आणि चमच्याने ते निळे कण सारून सारून बरणीत लोटले. चोचीला चिकटलेला शेवटचा कणसुद्धा बोटाने सोडवला. कण बरणीतल्या कणांवर पडले आणि त्यांच्यात मिसळले. त्यानंतर कोणते कुठले, हे मला सांगता आले नसते, बाईंनाही नाही.

"मोरचूद मोरचूदच असतं मामा," त्या म्हणाल्या. "त्यात हिचं काही विशेष नाही."

त्यांनी झाकण घट्ट लावले आणि बरणी फळीवर ठेवायला हात वर केला. हात वर गेला, पण बरणी सुटेना. त्यांनी ती खाली घेतली, पुन्हा वर नेली. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. मामा हात पुढे करून होते. बरणी घ्यावी, की राहू द्यावी, हे त्यांना समजत नव्हते. बाहेर पुढच्या तासाची घंटा झाली, मुले ओळ लावून दाराशी आली आणि दारातच थांबली.

मित्रांनो, मी त्यानंतर पुष्कळ वर्षे तापले, निवले. मला कुणी फोडले नाही, टाकून दिले नाही. माझी काही तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणे आहे. एखादे मळलेले, वाळलेले, विसरल्यासारखे भांडे तुमच्या हाती आले, तर त्यात पाणी ओतण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि एखाद्या भांड्यात तुम्ही काही जपत असाल, तर जवळच्या माणसांना ते सांगून ठेवा. घासून घ्यायला मी केव्हाही तयार आहे. घाई नाही.